नवा संसार आणि महिन्याचा किराणा

अगं, पहिल्याच महिन्यात आकडा ठरवून बसू नकोस. आधी महिनाभर नुसतं वहीत लिही, अगदी दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा. पैसे कुठे झिरपतात ते तेव्हा कळतं, आणि ते बहुतेक वेळा मोठ्या यादीत नसतं. रोज संध्याकाळी 'सहज' आणलेल्या फरसाण-बिस्किटांत असतं.

आपल्या सोलापुरात मोठी सोय ज्वारीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मालदांडी बाजारात येते, तेव्हाच वर्षाची भरून ठेव. किलोभर पिठाच्या आठ-दहा भाकरी होतात. तुम्ही दोघं दिवसाला चार खाल्ल्या तर महिन्याला बारा-पंधरा किलो लागेल. कडक ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत ठेव. हा खर्च मात्र किराण्यात धरू नकोस, दरमहा वेगळे पैसे बाजूला काढ. तूरडाळीचंही तसंच.

तेलाच्या पिशवीवर किंमत बघतेस तसं वजनही बघ. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, काही पिशव्यांत त्याहून कमी असतं.

भाजीचे पैसे आठवड्याच्या चार पाकिटांत घाल. शेंगाचटणी घरीच कूट. वीस तारखेनंतर हात आखडला की भाकरी, चटणी, दही असं जेवण पोटभर होतं, मला तर ते आवडतंच.