केस राखण्यासाठी कमी मात्रेचे इस्ट्रोजेन: आधी दोन प्रश्न वेगळे करा

तुमचे वय २७ आहे, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे हटू लागले आहेत, आणि फिनास्टेराइड या केसगळतीवरच्या औषधाऐवजी इस्ट्राडायोलचा (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मुख्य प्रकार) अगदी कमी डोस घेतला तर केस टिकून त्वचा आणि चेहराही थोडा मऊ होईल का, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय छाती वाढू नये आणि पुढे स्वतःचे मूल होण्याची वाट बंद होऊ नये, अशा दोन अटीही घातल्या आहेत. हे सगळे एकाच औषधाकडून मागू नये, असे माझे मत आहे. केस राखण्याचे काम इस्ट्रोजेनशिवाय अधिक चांगले होते. सौम्य स्त्रैण बदल हवे असतील तर ते इस्ट्रोजेनशिवाय होत नाहीत. आणि त्या बदलांतून छाती तेवढी वगळण्याची सोय शरीराने ठेवलेली नाही.

आधी केसांचे पाहू. पुरुषी टकलात टाळूवरची केसांची मुळे डीएचटी या हार्मोनमुळे वर्षानुवर्षे आक्रसत जातात, आणि हे डीएचटी टेस्टोस्टेरॉनपासून ५-अल्फा रिडक्टेज या एन्झाइमच्या साहाय्याने तयार होते. ज्यांचे वृषण वयात येण्यापूर्वीच काढले गेले किंवा निकामी झाले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, पण त्यांच्यापैकी आनुवंशिक कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिले की ते पडू लागते, हे संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवून दिले होते. फिनास्टेराइड नेमका हा दुवा तोडते: दिवसाला १ मिलिग्रॅम घेतल्यास रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरते आणि टेस्टोस्टेरॉन मात्र शाबूत राहते, ड्युटास्टेराइड या त्याच जातीच्या औषधाने ही घट ९० टक्क्यांच्या पुढे जाते. जोडीला टाळूवर लावायचे ५ टक्क्यांचे मिनॉक्सिडिल असले, तर बहुतेकांचे काम एवढ्यावर भागते. लैंगिक इच्छा कमी होणे किंवा मन उदास राहणे असे त्रास थोड्या जणांना होतात, आणि ते जाणवले तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

इस्ट्रोजेनचा केसांना होणारा फायदा बराचसा आडवळणाने येतो. मेंदूला रक्तात इस्ट्रोजेन दिसले की पिट्युटरी ग्रंथी एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे हार्मोन) कमी सोडते, वृषण कमी टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि डीएचटीचा कच्चा माल घटतो. ट्रान्स स्त्रियांच्या पूर्ण उपचारात टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि इस्ट्राडायोल साधारण १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात, तेव्हा केसगळती खरोखर थांबते. तुम्ही म्हणता त्या कमी डोसात हे दडपण अर्धवटच राहते, आणि टाळूतले एन्झाइम उरलेल्या टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी बनवतच राहते. म्हणजे छातीत बदल सुरू झाले आहेत आणि कपाळ तरीही मागे सरकते आहे, अशी ना धड इकडची ना धड तिकडची अवस्था येऊ शकते. कमी डोस घ्यायचाच ठरला, तरी केसांसाठी फिनास्टेराइड सोडू नये, असे मी म्हणतो त्यामागचे कारण हे आहे.

इस्ट्रोजेनमुळे केसांचा वाढीचा काळ लांबतो हेही खरे आहे. गरोदरपणात केस दाट वाटतात आणि बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी पुंजक्यांनी गळतात, ते यामुळेच. मात्र चार-सहा महिने घेऊन पाहू आणि नको वाटले तर सोडू, असा बेत असेल तर सोडल्यानंतर अशीच गळती वाट्याला येऊ शकते.

आता छातीबद्दल. स्तनाची ऊती इस्ट्रोजेनला फार संवेदनशील असते, आणि बदल सहसा तीन ते सहा महिन्यांत सुरू होतो. पहिली खूण डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते: स्तनाग्राच्या मागे एक घट्ट चकती तयार होते, पालथे झोपल्यावर किंवा पिशवीचा पट्टा घासल्यावर ती दुखते, आणि अनेकदा एका बाजूला आधी येते. या टप्प्यावर औषध थांबवले तर ती पुष्कळदा ओसरते, पण वर्षभर राहिलेली ऊती तंतुमय होते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. कमी डोसाने ही वाढ हळू होईल. होणारच नाही, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. रॅलॉक्सिफेन या, स्तनांत इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणाऱ्या औषधाने छाती रोखता येते असे तुमच्या वाचनात आले असेलच. काही डॉक्टर ते देतात, पण या वापरासाठीचा पुरावा तुटपुंजा आहे, त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि आधीच सुरू झालेली वाढ ते पुसून टाकेल याची खात्री नसते. त्वचा मऊ होणे, तेलकटपणा कमी होणे, चरबी गालांकडे आणि कमरेखाली सरकणे हे बदल त्याच काळात सुरू होतात आणि पुढे दोन-तीन वर्षे चालतात. आवाज बदलत नाही, आणि दाढी फार तर जरा विरळ होते.

मुलाच्या बाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही. एलएच आणि शुक्रजंतू बनण्यासाठी लागणारे त्याचे जोडीदार हार्मोन एफएसएच दबले की शुक्रजंतूंची निर्मिती घटते, आणि औषध थांबवल्यावर ती पूर्ववत होईलच असे नाही. पहिला डोस घेण्याआधी वीर्य गोठवून ठेवा. दुसरीकडे, इस्ट्रोजेन सुरू आहे म्हणजे गर्भधारणा होणार नाही असेही मानू नका.

हाडांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुरुषाची हाडेही इस्ट्रोजेनवरच टिकतात, आणि ते टेस्टोस्टेरॉनपासून बनते. छाती टाळण्याच्या हौसेने सायप्रोटेरोनसारख्या औषधाने टेस्टोस्टेरॉन पार खाली आणून इस्ट्राडायोलही नावापुरतेच ठेवले, तर शरीराला दोन्हींपैकी एकही पुरेसे मिळत नाही आणि हाडे विरळ होऊ लागतात. शिवाय सायप्रोटेरोन मोठ्या डोसात दीर्घकाळ घेतल्याने मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून २०२० मध्ये युरोपात त्यावर कडक निर्बंध आले.

हे सगळे वाचूनही तुम्हाला ते बदल हवेसे वाटत असतील, छाती थोडी वाढली तरी चालेल असे मन सांगत असेल, तर तो विचार केसांच्या आडोशाने मांडण्याची गरज नाही. एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांना) तसेच सरळ सांगा. नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणाऱ्या, व्यक्तींना कमी डोस देणे ही आता डॉक्टरांना अपरिचित गोष्ट राहिलेली नाही. गोळीपेक्षा जेल किंवा पॅच मागा, कारण गोळी यकृतातून जाताना रक्त गोठवणारे घटक वाढवते. धूम्रपान, दृष्टीसमोर चमका येणारी अर्धशिशी, घरात कोणाला झालेली गुठळी यांतले काही असेल तर लपवू नका. जेल लावलेली त्वचा सुकेपर्यंत उघडी ठेवा आणि नंतरही लहान मुलांचा स्पर्श तिथे होऊ देऊ नका.

रक्तात इस्ट्राडायोल, टेस्टोस्टेरॉन, एलएच, प्रोलॅक्टिन आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि मग दर तीन महिन्यांनी करून घ्या. ज्या हाताला जेल लावता त्यातून रक्त देऊ नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या काही दिवस आधी बंद करा, कारण काही चाचणी पद्धतींत बायोटिनमुळे इस्ट्राडायोल आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही खोटेच जास्त दिसतात, आणि तो आकडा पाहून डॉक्टर तुमचा डोस विनाकारण कमी करतील. केसांचे फोटोही त्याच दिवशी, एकाच दिव्याखाली, केस ओले करून काढा. कोरड्या केसांच्या फोटोत कोपऱ्यांतली विरळी लपते.