चोर्ल्यात गाडीला दम का लागतो?

प्रश्न : आमची १.२ लिटरची पेट्रोल गाडी २०१६ची, ७४ हजार किलोमीटर झालेली. रोज साखळी-पणजी करते, काही तक्रार नाही. पण घरची पाच माणसं आणि एसी चालू असला, की चोर्ला घाटात अंजुणे धरण मागे पडून चढ लागताच पिकअप जातो, गाडी गचके देते आणि चेक इंजिनचा दिवा मिचमिचतो. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ठीक. एअर फिल्टर बदलून झाला. गॅरेजवाला म्हणतो फ्युएल पंप टाका, शेजारी म्हणतात ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा दोष. कोणाचं ऐकावं? — एक वाचक, साखळी

उत्तर : सध्या दोघांचंही नको. पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द आहे ‘मिचमिचतो’. हा दिवा नुसता पेटून राहिला तर कसला तरी बिघाड नोंदला गेलेला असतो, सवडीने दाखवला तरी चालतं. मिचमिचला तर त्या क्षणी इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल पेटतच नाही, आणि तेही सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल इतकं. कमजोर पंपाची लक्षणं वेगळी : गचके कमी, गाडी हळूहळू मऊ पडत जाते, अ‍ॅक्सिलरेटर दाबून काही उपयोग होत नाही.

पेट्रोलचा दोष असता तर तो पणजीच्या रस्त्यावरही थोडाफार दिसला असता. उंचीचंही तसंच. घाटमाथा सुमारे ८०० मीटरवर आहे, तिथे विरळ हवेमुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण ८ टक्के घटते, पण ती सावकाश घटते आणि त्यात गचके नसतात.

आमचा संशय इग्निशन कॉइल आणि प्लगवर आहे. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. प्लग झिजून फट रुंदावलेली असेल तर आणखी जास्त. कॉइलच्या आवरणाला बारीक तडा असेल, तर तापल्यावर वीज फटीत न जाता बाजूने इंजिनाच्या धातूत निसटते. दहा मिनिटांत कॉइल निवते, म्हणून गाडी ‘ठीक’ होते.

खात्री अशी करा. गाडीने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, साधा ब्लूटूथवालाही चालेल. कोड वाचून लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका. पी०३०० म्हणजे मिसिंग नेमकं एका सिलिंडरचं नाही. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी०३०२ आला, तर इंजिन गार असताना दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर आणि तीनची दोनवर बसवा, कोड पुसा आणि तेवढीच माणसं घेऊन पुन्हा चढावर न्या. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासायचं. एकही पार्ट विकत न घेता एवढं कळतं. जुन्या कनेक्टरच्या क्लिपा मात्र कडक झालेल्या असतात, त्या ओढू नका, दाबून सोडवा.

कॉइल काढली की प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि खड्ड्याची सीलं बदलावी लागतील, नाहीतर नवी कॉइलही त्याच वाटेने जाईल. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर ठिणगी तिथूनच पळत होती. मग प्लग आणि कॉइलचं रबरी बूट दोन्ही बदला, एक जुनं ठेवलं तर रेघ पुन्हा उमटते. साधे निकेल प्लग ३० ते ४० हजार किलोमीटरला बदलतात. तुमच्यात ते मूळचेच असतील तर चारही टाका. फट मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान. पहिले आटे हातानेच बसवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वाकडा गेलेला प्लग फार महागात पडतो. कॉइल मात्र गेलेली तेवढीच बदला. चारही बदलण्याचा आग्रह बिलासाठी असतो.

कोड मिळालाच नाही, तर पंपाकडे वळा, पण तेही दाब मोजणारं गेज लावून. अशा बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर ३ ते ४ बार असतं. उभ्या गाडीवरचा आकडा बघून भागत नाही, लोडवर तो पडतो का, ते बघायचं.

तोवर दिवा मिचमिचला की पाय उचला, एसी बंद करा, रुंद जागा बघून थांबा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली जाळी वितळते, आणि मग सपाटीवरही पिकअप मिळत नाही.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही, बीएस-६, २०२१ची. घर, शाळा, मार्केट असं रोज चारेक किलोमीटरच चालते. महिन्याभरापूर्वी डीपीएफचा दिवा लागला, मी लक्ष दिलं नाही. आता इंजिन २५०० आरपीएमच्या वर जातच नाही. — एक वाचक, मडगाव

उत्तर : इंजिन स्वतःला वाचवतंय, याला लिंप मोड म्हणतात. डीपीएफ ही सायलेन्सरच्या वाटेवरची काजळी अडवणारी जाळी. काजळी जाळून टाकायला आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि चार किलोमीटरमध्ये इंजिन धड गरमसुद्धा होत नाही. नुसता डीपीएफचा दिवा होता तेव्हा एका पहाटे नुव्याहून वेर्णामार्गे नव्या झुआरी पुलावरून बांबोळीपर्यंत, खालचा गिअर ठेवून २००० आरपीएमच्या वर, २० मिनिटं न थांबता नेली असती तर बहुधा भागलं असतं. टाकीत पाव तरी डिझेल हवं.

आता तो प्रयोग करू नका. वर्कशॉपमध्ये स्कॅनरवरून काजळीचं प्रमाण बघून फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळणं, करून घ्या. कोड पी२४६३ असेल तर काजळी साचल्याचंच. पी०२९९ आला तर टर्बोचा दाब कमी आहे : इंटरकूलरचे (टर्बोतून येणारी हवा गार करणाऱ्या भागाचे) पाइप, त्यांच्या क्लिपा बघा. सांध्याशी तेलकट ओल आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर शिट्टीसारखा आवाज, म्हणजे पाइप फाटलाय. डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. ते बेकायदा आहे.

जाण्याआधी डिपस्टिक मात्र घरीच बघा. रीजनरेशन अर्धवट तुटत राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पातळी ‘मॅक्स’च्या वर चढते. ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नका. पातळ झालेलं ऑइल टर्बोचं बेअरिंग खातं. ते बदलून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं लो-अ‍ॅश (जळल्यावर कमी राख सोडणारं) ऑइलच भरा. आणि रीजनरेशन चालू असताना सड्यावरच्या वाळल्या गवतात गाडी उभी करू नका, खालचा पाइप आग लावण्याइतका तापलेला असतो.

प्रश्न : पावसात महिनाभर गाडी अंगणात उभी होती. चवथीला काढली तर जड चालते, अ‍ॅव्हरेजही पडलं. इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : मग इंजिनाला हात लावू नका. सपाट रस्त्यावर ४०च्या वेगाला न्यूट्रल करा. गाडी लगेच मंदावली तर ब्रेक धरून बसलेत. पाचसात किलोमीटर चालवून चारही रिमांजवळ हाताचा पंजा न्या, टेकवू नका. पुढचं एखादं चाक जोडीदारापेक्षा जास्त तापलं असेल तर कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकल्यात. त्या काढून घासून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पंधरा दिवसांत तेच दुखणं. मागची दोन्ही चाकं तापली तर हँडब्रेकची केबल किंवा लायनर चिकटलेत. पुढच्या पावसात गाडी ठेवताना हँडब्रेक ओढू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिरा लावा.