फाइल बाबांच्या नावाची

पोरी, अनेक आशीर्वाद.

आई रोजंदारीवर जाते आणि लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं उठवणं-बसवणं सगळं तुझ्या अंगावर पडलंय, तेव्हा सांभाळणाऱ्याला सरकार काही देतं का, हा तुझा प्रश्न रास्तच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण त्यावर विसंबून बसू नकोस. हाताला लागतं ते बाबांच्या नावानं लागतं, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेची महिन्याची पेन्शन. म्हणून फाइल त्यांची करायची, आणि कागदांचा क्रम सोडायचा नाही.

आधी आधार, रेशनकार्ड आणि पासबुक शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख ताडून बघ. एका अक्षराच्या फरकानं पुढं सगळं अडतं. मग स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीची, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची, नोंदणी कर आणि साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय निवड. दिव्यांगत्व तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड कधी बसतं ते विचारूनच बाबांना हलव. दहिवडीहून गाडी करून न्यायची आणि डॉक्टर नाहीत म्हणून परत यायचं, असं नको. डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचे रिपोर्ट सोबत असू देत. पेन्शनला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. ४० ते ७९ ला पिवळं कार्ड, ८० आणि त्यावर निळं. प्रमाणपत्र हातात आलं की आधी ते कायमचं आहे की तात्पुरतं ते वाच. लकवा ताजा असेल तर बऱ्याचदा तात्पुरतं देतात. त्याची मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच पुन्हा तपासणीच्या मागं लाग, नाहीतर चालू पेन्शन अडकते.

आता खरी गोम ऐक. संजय गांधी निराधार योजनेत पक्षाघात, म्हणजेच लकवा, हा दुर्धर आजारांतही मोडतो आणि दिव्यांगत्वातही. घाईत लोक आजाराचा रकाना भरतात. त्या रकान्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आणि महिन्याला १,५०० रुपये. दिव्यांग म्हणून अर्ज केला तर मर्यादा ५०,००० आणि ऑक्टोबर २०२५ पासून रक्कम २,५००. यूडीआयडीसाठी थांबावं लागलं तरी थांब. २१,००० म्हणजे घरात महिन्याला साडेसतराशे. एवढ्यात कोणाचं घर चालतं, हे मर्यादा ठरवणाऱ्यांनाच विचारावं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. तलाठ्याला माणदेशातली कोरडवाहू जमीन सातबाऱ्यावर दाखव, मजुरीचे दिवस नीट सांग. अंदाजानं ‘एक लाख’ लिहिलेला दाखला घेऊन अर्ज केलास तर तो तिथंच बाद. बाबांचं वय ६५ च्या आत असावं आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेकडं जातो, मंजुरी समितीच्या बैठकीत होते. पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. पुढची सगळी विचारपूस त्या नंबरावर चालते.

पैसे अडकतात ते बहुतेक बँकेत. खात्याला आधार दिलंय म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, वेगळी आणि सीडिंग, म्हणजे सरकारी पैशासाठी आधार खात्याला जोडणं, वेगळं. अनुदान डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, येतं, आणि ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालं त्याच खात्यात पडतं. कधीकाळी शिबिरात उघडलेल्या, विसरलेल्या खात्यातसुद्धा. माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकला की कोणती बँक जोडलीय ते दिसतं. त्यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर हवा. पतसंस्थेचं खातं इथं चालत नाही. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीची पडताळणी असते. बाबा अंथरुणावर आहेत हे शाखेत आधी सांगून ठेव.

आईच्या लाडकी बहीणला बाबांच्या पेन्शनमुळं धक्का लागत नाही. एकाच बाईच्या नावावर दोन्ही योजना नसाव्यात, एवढंच. घरातल्या एका अविवाहित मुलीलाही ती योजना आहे. तुला २१ पूर्ण असतील तर नवी नोंदणी चालू आहे का ते आधी विचार. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. कमोड खुर्ची किंवा व्हीलचेअरसाठी त्यातून लेखी मागणी कर आणि अर्जावर ग्रामसेवकाची सही-शिक्का घे. एसटीत बाबांना ७५ टक्के सवलत, तुला बाई म्हणून अर्धं तिकीट आहेच.

प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढ. मूळ यूडीआयडी कुठल्याच टेबलावर सोडून येऊ नकोस.