गुग्गुळाची शेतात लागवड केली तर जंगलातला गुग्गुळ वाचेल का?

मी स्वतः वैद्यकी करतो, त्यामुळे हा प्रश्न मला जिव्हारी लागला. लागवड हवीच, पण तेवढ्याने औषधी डिंक देणारे हे जंगलातले झाड वाचेल, ही औषध वापरणाऱ्या आम्हा लोकांची सोयीची समजूत आहे.

कच्छमध्ये डिंक गोळा करणाऱ्या एका वयोवृद्ध माणसाने मला शेजारशेजारची दोन झाडे दाखवली होती. एकाच्या सालीवर उथळ, भरून आलेल्या खाचा होत्या. दुसऱ्याच्या खोडात खोल घाव घालून त्यांत रसायन भरलेले होते. अशा घावातून एका हंगामात भरपूर डिंक मिळतो आणि मग झाड वाळते. डिंक देण्याजोगे दुसरे झाड तयार व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. व्यापारी दोन्ही डिंकांना एकच भाव देतो आणि झाड जगले की मेले हे कोणी विचारत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. परतल्यावर मी हे एका ज्येष्ठ वैद्यांपुढे मांडले, तेव्हा त्यांनी सगळा दोष गोळा करणाऱ्यांच्या लोभाला दिला आणि वैद्याने रोगी पाहावा, झाड वनखाते पाहील, असे सुनावले. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही, कारण योगराज किंवा कैशोर गुग्गुळ अशी या डिंकाची औषधे लिहून देणारा हातच ती मागणी निर्माण करतो, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ही वनस्पती 'अतिसंकटग्रस्त' ठरली, त्यात त्या मागणीचा मोठा वाटा आहे.

गुग्गुळाच्या फांद्या लावल्या की रुजतात, म्हणून लागवड सोपी वाटते. परंतु निवडक झाडांच्या फांद्यांतून उभे राहिलेले शेत त्या झाडांचीच नक्कल असते. रानातले वैविध्य टिकवायचे तर गुग्गुळ जिथे आपोआप वाढतो ते माळ 'पडीक' ठरवून त्यांवर विलायती बाभूळ पसरू देणे आधी थांबवले पाहिजे.

वैद्यांनी औषध विकत घेताना डिंक कोठला आणि कसा काढलेला, हे कंपनीला लेखी विचारावे; उत्तर मिळाले नाही तर माल घेऊ नये. केवळ कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळ घेणाऱ्यांनीही फेरविचार करावा, कारण २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी न होता थोडे वाढलेच. अर्थात ती चाचणी गुग्गुळाच्या अर्काची होती, गुग्गुळाच्या सगळ्या शास्त्रोक्त औषधांची नव्हे. म्हणून चालू असलेले औषध आपल्या वैद्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.