वाचकांचे प्रश्न : घर, कार्यालय आणि मधले साडेचार तास

प्रश्न : मी बदलापूरला राहते आणि मुंबईत फोर्ट भागातील एका विमा कंपनीच्या दावे विभागात काम करते. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घर सोडते आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास परतते. त्याआधी साडेचारला उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक, सर्वांचे डबे आणि मुलाची शाळेची तयारी उरकते. रात्री झोपायला साडेअकरा होतात. मुलगा दुसरीत आहे. सासूबाई घरी असतात, पण गुडघेदुखीमुळे त्यांना फार वेळ उभे राहवत नाही. यजमान अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून सहापर्यंत घरी येतात. गाडीतील मैत्रिणी प्रवासात अभ्यास करून भारतीय विमा संस्थेच्या परीक्षा देतात. मला मात्र बसायला जागा मिळताच झोप लागते आणि वेळ वाया गेल्याची टोचणी राहते. वर्षभरात मूत्रमार्गाचा संसर्ग दोनदा झाला. नोकरी सोडावी, मुंबईजवळ घर घ्यावे, की वेळेचे नियोजन शिकून घ्यावे?

— एक वाचक, बदलापूर

उत्तर : तुमचे पत्र वाचून प्रथम एक स्पष्ट सांगावेसे वाटते, ते असे की वेळेच्या नियोजनात तुम्ही कोठेही कमी पडत नाही. तुम्ही रोज सुमारे तेरा तास घराबाहेर असता, त्यांपैकी साडेआठ तास कार्यालयाचे धरले तर साडेचार तास रिक्षा, फलाट, गाडी आणि पायी चालणे यांत जातात, म्हणजे महिन्याकाठी शंभर तासांच्या आसपास. हे तास कार्यालय आपले मानत नाही, घर ते आपल्यासाठी घालवलेले मानत नाही, आणि तुम्ही स्वतः मात्र ते आपल्या मोकळ्या वेळात जमा धरून त्यांचाही हिशेब देऊ पाहता. माझ्या मते हा प्रवास नोकरीचाच भाग आहे. तुमचा कामाचा दिवस साडेआठ तासांचा नसून तेरा तासांचा आहे, असे घरातल्या प्रत्येकाने मान्य केले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात : यजमान सहापर्यंत घरी येतात. सहा ते सव्वाआठ ही सव्वादोन तासांची वेळ तुमच्या घरात दररोज उपलब्ध आहे, आणि तरीही रात्रीचा स्वयंपाक तुम्ही पहाटे साडेचारला उठून करता. रात्रीच्या जेवणाची संपूर्ण जबाबदारी यजमानांकडे द्यावी. ‘संपूर्ण’ असे मुद्दाम लिहिले आहे, कारण काय करायचे हे ठरवणे, भाजी आणणे, कुकर लावणे आणि नंतर ओटा आवरणे ही सगळी त्या एका कामाचीच अंगे आहेत. तुम्ही परतीच्या गाडीतून फोनवर सूचना द्यायच्या आणि त्यांनी त्या पाळायच्या, अशा व्यवस्थेत डोक्यावरचा भार तुमच्याकडेच राहतो. पोळ्या जमत नाहीत, ही अडचण पुढे येईलच. तेव्हा पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात किंवा भातावर भागवावे. सासूबाईंना बसून करता येण्याजोगी कामे, म्हणजे भाजी निवडणे आणि नातवाचा अभ्यास घेणे, त्यांच्या कलाने सोपवता येतील. पहिले काही आठवडे आमटी खारट होईल, त्याबद्दल तुम्ही आणि सासूबाईंनीही टीका करू नये. हा विषय रात्री दमून आल्यावर न काढता रविवारी दुपारी काढावा, आणि घरातील प्रत्येकाच्या उठण्यापासून झोपेपर्यंतच्या वेळा एका कागदावर लिहून तो कागद सर्वांसमोर ठेवावा. आरोप करण्यापेक्षा त्या कागदाचा उपयोग अधिक होतो. पहाटेचा एक स्वयंपाक कमी झाला तर तुम्हाला साडेपाचपर्यंत झोपता येईल. सध्याची पाच तासांची झोप वर्षानुवर्षे कोणाच्याही शरीराला पुरणारी नाही.

गाडीत झोप येते, ती म्हणूनच येते. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर 68 किलोमीटर आहे. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी नाही तरी निदान चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावरची कडेची जागा, मिळाली, तर तो तास-सव्वा तास झोपेला द्यावा आणि त्याची टोचणी बाळगू नये. परीक्षा द्यायची असेल तर ती झोप भरून निघाल्यानंतरच्या वर्षी द्यावी. प्रवासातला प्रत्येक क्षण सत्कारणी लावणाऱ्या बायकांचे आपल्याकडे फार कौतुक होते, डब्यात भाजी निवडणाऱ्या हातांची छायाचित्रेही छापली जातात. पण ती भाजी गाडीत निवडावी का लागते, असे कोणी विचारत नाही. संध्याकाळी दारापर्यंत गर्दी असेल तर एक गाडी सोडावी. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवाशांचे प्राण गेले, हे आपण सर्वांनी वाचले आहे, आणि दहा मिनिटे उशिरा पोहोचण्याची मुभा घरच्यांनीच तुम्हाला आधी देऊन ठेवली पाहिजे.

संसर्गाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला असला तरी तो गंभीर आहे. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते आणि स्थानकावरचे वापरावेसे वाटत नाही, म्हणून अनेक स्त्रिया निघण्याच्या कितीतरी आधीपासून पाणी पिणेच टाळतात. तुमचेही तसे होत असेल तर कार्यालयात पोहोचताच आणि दिवसभर ठरवून पाणी प्यावे, निघण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे, आणि दोनदा संसर्ग झाला असल्याने डॉक्टरांना तुमच्या प्रवासाचे तास सांगून तपासणी करून घ्यावी.

कार्यालयाकडे मागणी करताना ‘थोडी सवलत मिळावी’ असे मोघम बोलू नये. दावे तपासण्याचे काम मोठ्या प्रमाणावर संगणकावर होते, तेव्हा आठवड्यातून एक दिवस घरून काम आणि उरलेल्या दिवशी अर्धा तास लवकर येऊन अर्धा तास लवकर निघणे, असा तीन महिन्यांचा प्रायोगिक प्रस्ताव लेखी द्यावा, आणि त्या काळात किती प्रकरणे निकाली काढाल तेही त्यात लिहावे. अशी मागणी वावगी नाही. गर्दी विभागावी म्हणून मध्य रेल्वेनेच 1 नोव्हेंबर 2023 पासून मुंबईतील आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी दोन वेगवेगळ्या वेळा ठरवल्या आणि इतर आस्थापनांनाही वेळा बदलण्याचे आवाहन केले. नोकरी सोडण्याचा विचार मात्र हे दोन्ही उपाय, म्हणजे घरातली वाटणी आणि कार्यालयीन वेळ, करून पाहिल्याशिवाय करू नये. पाच तासांच्या झोपेवर घेतलेला असा निर्णय पुढे अनेकींना जाचतो.

घर बदलण्याबाबत माझे मत प्रतिकूल आहे. मुलाची शाळा, सासूबाईंची सवयीची वस्ती आणि यजमानांचे जवळचे कामाचे ठिकाण हे तिन्ही बदलापुरात किंवा आसपास आहे. मुंबईकडे सरकल्यास तुमचा तास वाचेल, पण भाडे अथवा कर्जाचा हप्ता वाढून नोकरीवरचा ताणच वाढेल. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी रेल्वे मार्गिका झाली की सुटका होईल, या भरवशावरही काही ठरवू नका. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008 साली मंजूर झाली आणि 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. मुलाच्या दिवाळीच्या सुटीत काही दिवस ठाण्यात कोणा नातेवाइकांकडे राहून तेथून ये-जा करून पाहिलीत, तर फरक पैशांच्या तोडीचा आहे का, हे प्रत्यक्ष कळेल.

प्रश्न : बदलीमुळे पुण्याहून मुंबईला रोज अप-डाऊन करतो. सकाळी डेक्कन क्वीन. संध्याकाळी तीच मिळाली तर ठीक, चुकली की सिंहगड एक्स्प्रेस. मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणून मुंबईत खोली घ्यावीशी वाटत नाही. हे योग्य आहे का?

— एक बँक कर्मचारी, पुणे

उत्तर : डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी 7.15 ला सुटून 10.25 ला मुंबईत पोहोचते आणि संध्याकाळी 5.10 ला निघून 8.25 ला पुण्यात येते. म्हणजे सर्व सुरळीत झाले तरी नुसत्या गाडीत सहा तास पंचवीस मिनिटे जातात. तुम्ही घरात पाऊल ठेवता तेव्हा मुलगी जागी असते का, हे आधी प्रामाणिकपणे पाहावे. ती झोपलेलीच भेटत असेल तर आठवड्याचे पाच दिवस केलेली ही दगदग तिच्यासाठी आहे, असे म्हणता येणार नाही. मंगळवार आणि गुरुवारची रात्र मुंबईत काढून बुधवारी व शुक्रवारी वेळेवर निघता येईल अशी व्यवस्था काही महिने करून पाहावी. त्या दोन रात्री मुलीचे सर्व काही एकट्या पत्नीवर पडणार असल्याने निर्णय तिच्याशी बोलूनच घ्यावा, आणि बँकेकडे पुणे विभागात बदलीचा लेखी अर्ज आजच करून ठेवावा. हे ठरेपर्यंत स्वस्त पडतो म्हणून त्रैमासिक पास काढू नका, मासिकच काढा.