देवाची इच्छा हुकली तर?

सुनीताने (नाव बदललं आहे) माझ्यापुढे शंभर पानी वही ठेवली. रोज पहाटे प्रार्थना करून ती दोन चिठ्ठ्या टाकायची, ‘जा’ आणि ‘थांब’. तारखेपुढे निकाल. वीस दिवसांत अकरा वेळा ‘जा’, नऊ वेळा ‘थांब’. शिवाय डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी मानायचं. एकदा बोट वंशावळीवर पडलं, तर दिवसभर रडत होती.

ती नर्स. नगरच्या लहान दवाखान्यात आठ वर्षं काढलेली, आता पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं. दोन्ही कामं चांगली होती, नवरा कशालाही तयार होता. तरी झोप उडाली होती.

देवाची इच्छा कशी ओळखायची, हे मला मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसं सतत विचारतात. खरी भीती बहुधा त्याच्या मागे दडलेली असते. मी विचारलं, “चुकलीस तर काय होईल?”

“देव म्हणेल, ऐकलं नाहीस ना, आता तुझं तू निस्तर.”

“हे तुला कोण म्हणालं होतं?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पप्पा.” डी.एड. सोडून नर्सिंगला गेली तेव्हाचे शब्द होते ते. पहिल्या वर्षी नापास झाली, तेव्हा वडील भेटायलाही आले नाहीत. ती इतकी वर्षं देवाला वडिलांच्या आवाजात ऐकत होती.

सुनीताचं माहेर पारनेर तालुक्यातलं. सुगी झाली की त्यांच्या रानात धनगर मेंढ्या बसवायचे, तिने लहानपणी पाहिलेलं. मी विचारलं, “संध्याकाळी जाळीच्या वाघरीत घेताना एखादी मेंढी कमी भरली तर?”

“शोधायला जायचे. अंधारातसुद्धा.”

“मेंढीला वाट माहीत असायची?”

“तिला कुठली, ताई.” आणि तिचे डोळे भरून आले.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात, मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकीच्या मागे जातो. सापडल्यावर तिला खांद्यावर घेतो, रागावल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. त्या दिवशी आम्ही तेवढंच वाचलं.

पुढच्या भेटीत बायबलमधलंच ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, 16वा अध्याय काढला. प्रेषित पौल बिथुनिया प्रांतात निघाला होता, देवाच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही. म्हणून तो त्रोवस गावी उतरला आणि तिथे रात्री त्याला ‘इकडे ये’ म्हणणाऱ्या मासेदोनिया प्रांतातल्या माणसाचा दृष्टान्त झाला. चालता चालता त्याची वाट बदलली गेली. चुकीच्या दिशेला निघाला म्हणून देवाने त्याला टाकलं नाही. चिठ्ठ्या बंद करायला मी सांगितलं नाही. सासूबाईंशी आणि चर्चच्या पाळकांशी मोकळेपणी बोल, पगार नि खर्च कागदावर मांड, रात्री वही उघडू नकोस, एवढंच म्हटलं. प्रार्थना चालूच होती.

ती पुण्याला गेली. चार महिन्यांनी फोन आला. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, कदाचित परत यावं लागेल, म्हणाली.

“घाबरली आहेस?”

“थोडी. पण ताई, रात्री झोप लागते.”