इंटरकॉममध्ये जुनी यादी चढवताना लीड निवडावं की यूजर?

तुमचा प्रश्न असा दिसतो: चौकशी करून गेलेल्या लोकांची एक्सेल यादी आहे, ती चढवताना इंटरकॉम (ग्राहकांशी चॅट करायचं, त्यांना मेसेज पाठवायचं सॉफ्टवेअर) ‘लीड की यूजर’ विचारतंय, आणि सरसकट यूजर केले तर काय बिघडेल?

बिघडतं. मी करून बसलोय. क्लासवाल्यांच्या फीचा हिशेब ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर होतं. प्रदर्शनात फॉर्म भरून दिलेले सगळे मी यूजर म्हणून टाकले. आठवड्याभरात ‘खातं उघडलंत, पण अजून एकही विद्यार्थी नोंदवला नाहीत’ हा आपोआप जाणारा मेसेज त्या सगळ्यांना गेला. एका सरांनी फोन करून विचारलं, "माझ्या नावानं खातं कुणी उघडलं?" काय सांगणार?

तेव्हापासून मी एकच बघतो. हा माणूस तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन करतो का, डेटाबेसमध्ये त्याचा आयडी आहे का? असेल तर यूजर. नसेल तर लीड, मग त्याचा ईमेल, फोन, गाव सगळं ठाऊक असलं तरी. (ईमेल मिळाला म्हणजे यूजर झाला, असं आमच्या सेल्सवाल्यांना अजूनही वाटतं.)

वेबसाइटवरच्या चॅटचं वेगळं आहे. लॉगिन न करता आलेला माणूस आधी नुसता व्हिजिटर असतो. त्यानं काही लिहून पाठवलं की त्याचा लीड होतो. ओळख ब्राउझरमधल्या कुकीवरून (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी खूण), त्यामुळे तोच माणूस ऑफिसात लॅपटॉपवरून आणि रात्री मोबाइलवरून बोलला तर एकाच ईमेलचे दोन लीड दिसतात. घाबरू नका. त्याच ब्राउझरमध्ये त्यानं खातं उघडून लॉगिन केलं की लीड यूजरमध्ये मिसळतो, जुनं बोलणंही सोबत येतं. उरलेला लीड हातानं मर्ज करायचा. यूजरचा परत लीड मात्र करता येत नाही, म्हणून शंका आली की लीडच ठेवा.

यूजर पाठवताना नुसत्या ईमेलवर विसंबू नका, डेटाबेसमधला न बदलणारा आयडी द्या. आमच्याकडे दोन शाखांना मिळून एकच ईमेल, हे सर्रास चालायचं.

आणि डेव्हलपरला सांगून लॉगआउटच्या वेळी इंटरकॉमच्या मेसेंजरची (चॅटच्या खिडकीची) शटडाउन कमांड चालवून घ्या. क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे तिघं; ती राहिली तर मॅडमचं चॅट शिपाई वाचतो.